काढलेली पानं

शाहीननं स्क्रीन माझ्याकडे वळवला आणि दवाखान्यात नातेवाइकांना सांगतात तसं हळू आवाजात म्हणाली, "सर, पोपट अडकलाय."

मी चष्मा लावून पाहिलं. माझ्या वडाच्या झाडाच्या डाव्या बाजूनं निघालेला पोपट पंख वर करून हवेत थांबला होता. थोड्या वेळानं पंख खाली आले. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मग पोपट बोटभर पुढे सरकला आणि पुन्हा पंख वर करून राहिला. मला ते आवडलं. उडण्यात एक भारदस्तपणा आला होता, घाईगडबड नव्हती. मी तसं म्हणालोही.

"सर, त्याला अर्ध्या मिनिटात पलीकडे पोचायचंय," शाहीन म्हणाली. "चार मिनिटं होऊन गेली. अजून बुंध्यापाशी पण आला नाही."

ही दोन हजार नऊच्या एप्रिलमधली, सोमवार सकाळची गोष्ट. मिरजेच्या एका हायस्कुलात तेहतीस वर्षं चित्रकला शिकवून मी आदल्या वर्षी निवृत्त झालो होतो. घरी बसून आठ महिन्यांत मी माझ्या बायकोच्या, हेमलताच्या, स्वयंपाकघरात इतक्या सुधारणा सुचवल्या की प्रताप निंबाळकर दारात आला तेव्हा माझ्या आधी तिनंच होकार दिला. प्रताप माझा जुना विद्यार्थी. सांगली-मिरज रस्त्यावर टायरच्या एका दुकानाच्या माडीवर त्यानं तीन खोल्या घेऊन प्राथमिक शाळांसाठी शिकवण्याच्या सीडी करायचा धंदा मांडला होता. त्याला चित्रं काढणारा माणूस हवा होता आणि माझ्याइतका रिकामा चित्रकार सबंध तालुक्यात दुसरा नव्हता.

त्यानं मला एक काळी पाटी आणि एक पेन दिलं. पाटीवर काढलं की चित्र समोरच्या स्क्रीनवर उमटायचं. पहिला आठवडा हात एकीकडे आणि डोळे दुसरीकडे अशा अवस्थेत गेला. दुसऱ्या आठवड्यात मला शोध लागला की स्क्रीनवरचं चित्र हवं तितकं मोठं करता येतं. तिथं माझा घात झाला. वडाचं एक पान मी सबंध स्क्रीनएवढं करून बघितलं. एवढं मोठं पान समोर असताना त्याच्या शिरा न काढता पुढे जाणं मला जमण्यासारखं नव्हतं. मी शिरा काढल्या. मग देठ. मग एका पानावर किडीनं खाल्लेलं भोक. मग पुढचं पान.

पाठाचं नाव होतं 'वडाखाली एक दिवस'. सूर्य उगवतो, पोपट उठतात, खार पळते, दुपारी एक वाटसरू सावलीत भाकरी खातो, संध्याकाळी वटवाघळं निघतात. पोपट, खार आणि वाटसरू यांना मिळून मला चार दिवस लागले. झाडाला दीड महिना. दोन हजार आठशे शेहेचाळीस पानं, प्रत्येक पान वेगळं, आणि प्रत्येक पान वाऱ्यानं हललं पाहिजे अशी माझी अट.

ते हलवायचं काम शाहीनचं. शाहीन जमादार चोवीस वर्षांची, मिरजेचीच, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली. मी फ्लॅश या सॉफ्टवेअरमध्ये चित्रं काढायचो आणि ती ॲक्शनस्क्रिप्ट नावाच्या भाषेत त्या चित्रांना काय करायचं ते सांगायची. मुलगी हुशार. माझ्या हाताखाली शिकलेली नसल्यामुळे मला घाबरत नव्हती, एवढा एकच दोष.

पोपट अडकला तो आमच्या चांगल्या कॉम्प्युटरवर नाही. खोलीच्या कोपऱ्यात एक जुनं, पोट पुढे आलेल्या मॉनिटरचं मशीन होतं. त्याला सगळे आजोबा म्हणायचे. खेड्यांतल्या शाळांकडे तसलीच मशीनं होती, म्हणून प्रत्येक पाठ आधी आजोबांवर चालवून बघायचा असा नियम होता. आणि आजोबांना माझं झाड झेपत नव्हतं.

शाहीननं मला नीट समजावून सांगितलं. "सर, तुम्ही हे झाड दीड महिन्यात काढलंत. आजोबांना ते एका सेकंदात चोवीस वेळा काढायचं आहे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, शिरांसकट. काढायचं, पुसायचं, परत काढायचं."

मी विचारलं, कशासाठी? ती म्हणाली, पान हललं म्हणून. हललं की ते आधीच्या जागी नसतं, म्हणून नवीन चित्र.

खरं सांगतो, मला त्या मशीनबद्दल आदर वाटला. तेहतीस वर्षांत मी सांगितलं म्हणून चित्र दुसऱ्यांदा काढणारा विद्यार्थी मला भेटला नव्हता, आणि हे बिचारं तक्रार न करता सेकंदाला चोवीस वेळा काढू बघत होतं. पण आदर वाटला म्हणून मी पानं कमी करणार नव्हतो.

तिनं उपाय सांगितला. सगळ्या झाडाचा आतल्या आत एक फोटो काढून ठेवायचा. मग आजोबांना झाड काढायचं कामच नाही, फोटो चिकटवला की झालं. पण फोटोतलं पान हलणार नाही. मी नकार दिला. वर माझ्याकडून एक सूचना केली, की सबंध झाडाचा नको, एकेका पानाचा वेगळा फोटो काढ, आणि ते फोटो हलव. शाहीन म्हणाली की त्यानं उलटंच होईल, कारण पान जरा वळलं की जुना फोटो फुकट जातो आणि नवा काढावा लागतो. मी म्हणालो, करून तर बघ. तिनं माझ्या वयाकडे बघून करून बघितलं. आजोबांनी एक लांब घरघर केली, स्क्रीन निळा झाला आणि शेवटी टेबलाखाली शिरून प्लग काढावा लागला.

त्याच वेळी प्रताप आत आला. निळा स्क्रीन बघून त्याचा चेहराही साधारण त्याच रंगाचा झाला. शुक्रवारी खोलेवाडीच्या शाळेत निवड समितीसमोर हा पाठ दाखवायचा होता. समितीला पसंत पडला तर पुढचे अकरा पाठ आमचे. नाही पडला तर प्रताप पुण्याच्या एका मोठ्या कंपनीत भागीदार होऊन सगळं काम तिकडे नेणार होता, आणि त्या कंपनीला शाहीनची गरज नव्हती, माझी तर नव्हतीच. हे त्यानं आमच्यापासून लपवून ठेवलं नाही, आणि त्याबद्दल त्याला नावं ठेवता येत नाहीत.

तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "सर, झाड म्हणजे खाली तपकिरी आणि वर हिरवं. मुलांना तेवढं पुरतं."

"एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली पण तू हेच म्हणाला होतास," मी म्हणालो.

तेव्हा त्याला मी दोन गुण दिले होते. ते दोघांनाही आठवलं, आणि तो उठून गेला.

बुधवारी सकाळी मी फाईल उघडली आणि मला झाड कसंतरीच वाटलं. दिसायला तसंच होतं. तरी आजारातून उठलेल्या माणसासारखं काहीतरी हललं होतं त्यात. मी मोजायला बसलो. मोजलेल्या पानावर खूण करत करत साडेतीन तास लागले. एक हजार नऊशे अकरा.

मी शाहीनला हाक मारली. तिनं नाकारलं नाही. जी पानं दुसऱ्या पानांच्या पूर्ण मागे झाकली गेली होती तेवढीच तिनं उडवली होती. नऊशे पस्तीस. "त्यातलं एकही दिसत नव्हतं सर. आजोबा मात्र ते सगळं काढत बसायचे, आणि त्याच्यावर दुसरं पान काढून झाकून टाकायचे. तुमच्या लक्षात येणार नाही असं वाटलं."

"आलं ना लक्षात."

"साडेतीन तास मोजल्यावर," ती म्हणाली.

मी तिला सांगितलं की पान दिसत नाही म्हणजे ते नाही असं होत नाही. माझं झाड आतून भरलेलं होतं. आता ते पोकळ झालं, आणि पोकळ झाडावर मला माझं नाव नको. एवढं बोलून मी छत्री उचलली आणि घरी गेलो. जाताना जिन्यात प्रताप भेटला, त्याला मी राजीनामा दिला. त्यानं तो खाली टायर ठोकायच्या आवाजात ऐकला नाही असं नंतर म्हणाला.

हेमलता अंगणात पापड वाळत घालत होती. दीड वाजता मी घरी कसा, हे तिनं विचारलं नाही. मीच सांगितलं. सगळं सांगितलं, नऊशे पस्तीस हा आकडा दोनदा सांगितला. ती ऐकत होती आणि पापड मांडत होती. शेवटी तिनं विचारलं, "म्हणजे ती पानं कुणालाच दिसत नव्हती?"

"मला माहीत होती."

"मग आपल्या कपाटामागची भिंत कधी रंगवताय?"

चौऱ्याण्णव साली मी स्वतः घर रंगवलं होतं. तेव्हा कपाट ओढायचा कंटाळा केला आणि मागे कोण बघायला येतंय असं हेमलताला म्हणालो होतो. पंधरा वर्षं तिनं ते जपून ठेवलं होतं. मी दुपारभर झोपलो नाही. कपाटाकडे पाठ करून पडून राहिलो.

गुरुवारी मी ऑफिसला निघालो, पण थेट गेलो नाही. वाटेत एक जुना वड आहे, त्याच्या सावलीत उसाच्या रसाचा गाडा असतो. मी तिथल्या बाकावर बसलो. मला एकच गोष्ट बघायची होती. वारा आला की पानं कशी हलतात ते. तेहतीस वर्षं मुलांना शिकवलं, दीड महिना स्वतः काढलं, पण झाडाखाली बसून नुसतं बघत राहावं असं कधी केलं नव्हतं.

एप्रिलचा उकाडा, पान हलायला तयार नाही. एक तास गेला. मी दोन ग्लास रस प्यालो. गाडेवाल्याला राहवेना. त्यानं विचारलं, "मास्तर, कुनाची वाट बघतायसा?"

मी म्हणालो, वाऱ्याची. त्यानं आपलं स्टूल गाड्याच्या पलीकडे नेलं.

साडेअकराच्या सुमाराला वारा आला. रस्त्याकडच्या एका फांदीत शिरला. त्या फांदीची पानं सळसळली, खालची पांढुरकी बाजू दाखवून परत वळली आणि थांबली. बाकीचं झाड तसंच, भिंतीवर चिकटवल्यासारखं. मग वरची एक फांदी. ती थांबली, मग मागची. मी आणखी अर्धा तास बसलो. सबंध झाड एकदम हललं असं एकदाही झालं नाही. माझ्या झाडाची दोन हजार आठशे शेहेचाळीस पानं मात्र एकाच वेळी, कवायतीला उभी केल्यासारखी हलत होती, आणि वर मी त्याला निसर्ग म्हणत होतो.

ऑफिसात गेलो. शाहीन आजोबांसमोर बसली होती. मला बघून उठली आणि काही बोलणार होती, पण मी तिला बोलू दिलं नाही. माफी मागायची माझी पद्धत नव्हती, म्हणून मी शिकवतो त्या आवाजात सांगितलं की वारा एका वेळी एकाच फांदीला लागतो, हे कुणाच्याच लक्षात येत नाही.

ती म्हणाली, "सर, परत सांगा."

मी परत सांगितलं. ती खाली बसली आणि तिची बोटं चालू लागली. झाडाच्या अकरा फांद्या वेगळ्या करायच्या. प्रत्येकीचा एक फोटो. वारा ज्या फांदीत असेल तेवढीच खरी, पानापानानं काढायची. बाकीच्या दहा नुसत्या चिकटवायच्या. वारा पुढे गेला की ती फांदीही परत फोटो. बोलता बोलता तिनं मला काम लावलं. मी फांद्या वेगळ्या केल्या. मग ती जरा चाचरत म्हणाली की लांबच्या पानांच्या शिरा काढून टाकल्या तर आजोबांना आणखी सोपं जाईल. मी त्या पुसल्या. मग आणखी सहाशे पानं मी स्वतःहून कमी केली. दुपारी चार वाजता आम्ही पाठ आजोबांवर लावला. पोपट उडाला. अगदी चोवीस नाही, सेकंदाला बाराच चित्रं पडत होती, पण शाहीननं पोपटाची, खारीची आणि सूर्याची पावलं त्या हिशेबानं लांब केली, तेव्हा सगळं वेळेवर पोचू लागलं. पाठाला जोडलेला बाईचा आवाज आणि चित्रं बरोबर जुळली. शाहीन सहाच्या बसनं घरी गेली. सकाळी येऊन मी सीडी तयार करते म्हणाली.

मी अर्धा तास मागे राहिलो.

ते का, हे मला आजही धड सांगता येत नाही. मला पानं पुसायची गोडी लागली होती. एक पान उडवायचं, लांबून बघायचं, झाड तसंच दिसतंय. आणखी दहा उडवायची, तरी तसंच. दीड महिना मी भरत गेलो होतो, आणि एवढं झाड थोडक्यात उभं राहतं हे मला अठ्ठावन्न वर्षं संपल्यावर कळत होतं. निघताना झाडावर चारशे बारा पानं होती. मी फाईल सेव्ह केली आणि अतिशय प्रसन्न मनानं घरी गेलो. शाहीनला सकाळी सांगू असं ठरवलं होतं. सकाळी प्रताप खाली जीपचा हॉर्न वाजवत होता, तिनं घाईघाईनं सीडी केली, आणि मला वाटलं, तिकडेच बघून खूश होईल.

खोलेवाडीच्या शाळेत तिसरी-चौथीची मुलं सतरंज्यांवर बसली होती. कॉम्प्युटरवर फुलाफुलांचं प्लॅस्टिकचं आवरण होतं, ते मुख्याध्यापकांनी काढलं. मशीन आमच्या आजोबांच्याच वयाचं. प्रतापनं आणलेल्या प्रोजेक्टरनं भिंतीवर चित्र पडलं. समितीत तिघं होती. मोहिते बाई प्रमुख, निवृत्त मुख्याध्यापिका, आणि दोन गृहस्थ, जे कशालाही मान हलवायच्या आधी बाईंकडे बघायचे.

पाठ सुरू झाला. सूर्य उगवला, आणि उगवल्यावर थांबलाच नाही. आवाजातली बाई म्हणाली, "पहाट झाली. वडाच्या झाडाला हळूहळू जाग येते," तोवर सूर्य डोक्यावर आला होता. ती पोपटांबद्दल बोलू लागली तेव्हा पोपट भिंतीवरून सटकन जाऊन पलीकडे नाहीसे झाले होते. खार झाडावर चढली, उतरली आणि परत चढली. "दुपारच्या उन्हात थकलेला वाटसरू सावलीला विसावतो," असं ती म्हणाली त्या वेळी काळोख पडला होता आणि वाटसरू वटवाघळांच्या गर्दीत बसून भराभरा भाकरी खात होता. मग भिंत पूर्ण काळी झाली. त्या अंधारात आवाजातली बाई पुढची अडीच मिनिटं सावलीचे फायदे सांगत राहिली. मुलं सतरंज्यांवर लोळून हसत होती. पाठ परत लावा असं सगळ्यांचं मत होतं.

मोहिते बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "निंबाळकर, दिवस जरा लवकर मावळला."

शाहीनचा चेहरा पांढरा पडला होता. काल बरोबर होतं, एवढंच ती म्हणत होती. प्रतापनं घाम पुसला आणि बाईंना सांगायला सुरुवात केली की मुलगी नवीन आहे, आम्ही हे काम पुण्याहून परत करून आणू. शाहीननं मान खाली घातली. मला पोपट का पळाले ते नीट कळलं नव्हतं, पण कुणामुळे पळाले ते कळलं होतं. मी उठून उभा राहिलो.

"बाई, तिची चूक नाही. पानं मी काढली."

"हो का," मोहिते बाई म्हणाल्या. "चांगली काढली आहेत."

"तसं नाही. आधी काढली, मग काढली."

दोन्ही गृहस्थांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी माझ्याकडे. शाहीननं मात्र मान वर केली आणि विचारलं, "किती?" मी सांगितलं, नऊशेच्या जवळपास. चारशे बारा उरली आहेत.

तिनं डोळे मिटले. ओठ हलत होते, हिशेब चालला होता. मग तिनं बाईंना सांगितलं की पोपटाला तिनं प्रत्येक चित्रागणिक इतकं पुढे जा असं सांगितलंय. काल मशीन सेकंदाला बारा चित्रं काढत होतं. पानं कमी झाल्यामुळे आज ते हलकं झालं, चोवीस काढायला लागलं, म्हणून पोपट दुप्पट पळाला. "चूक माझी पण आहे. पोपटाला मी घड्याळाशी बांधायला हवं होतं, ते पुढच्या आठवड्यात करीन. आत्ता मला दहा मिनिटं द्या."

दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर त्या शाळेत नव्हतं. तिनं पिशवीतून दुसरी सीडी काढली. मी विचारलं, ही कसली?

"तुमचं झाड आहे सर. सगळं. पहिलं पान उडवायच्या आधी कॉपी करून ठेवलं होतं." आणि सीडी आत सरकवता सरकवता म्हणाली, "तुम्ही कधीतरी परत मागाल असं वाटलं."

तिनं दोन हजार आठशे शेहेचाळीस पानांचं झाड आधी लावलं, आणि त्याच्यावर, त्याला झाकून, चारशे बारा पानांचं. मशीनला दोन्ही काढायला लागली, म्हणजे ते परत कालच्यासारखं हळू चालणार. माझ्या सबंध झाडाचं ओझं पाठीवर घेतल्यावर मात्र सूर्य उगवेचना. मुलं ओरडायला लागली. शाहीननं मागच्या झाडावर माउसचं उजवं बटण दाबलं, त्याचा दर्जा कमी केला, रेषा जाड्याभरड्या झाल्या, आणि ओझं बेताचं झालं. पुढच्या झाडामागून हळूहळू पहाट झाली. पहाट झाल्याचं आवाजातल्या बाईनं सांगितलं तेव्हा ती खरोखरच झाली होती. पोपट आपल्या वेळेला उठले. एका फांदीत वारा शिरला, थांबला, दुसरीत गेला. वाटसरूनं उजेडात भाकरी खाल्ली. मुलं आता हसत नव्हती. ती जरा हिरमुसली होती, पण बघत होती.

संपल्यावर मोहिते बाईंनी विचारलं, मागे काय ठेवलंय ते दाखवा. शाहीननं स्क्रीनवरची पुढची खिडकी बाजूला केली. भिंतीवर माझं पूर्ण झाड आलं. पोपट पंख वर करून हवेत थांबला होता. बाई उठल्या, भिंतीजवळ गेल्या, चष्मा वर करून बघितलं. मग दुसरं झाड पुढे आणायला लावलं आणि तेही बघितलं.

"दोघांत फरक काय आहे?" त्यांनी विचारलं.

"दोन हजार चारशे चौतीस पानांचा," मी म्हणालो.

"दिसत नाही," बाई म्हणाल्या, आणि जाऊन बसल्या.

परत येताना जीपमध्ये प्रताप पुढे बसला होता. शाहीननं मला विचारलं, एवढी पानं का उडवली? मी खरं ते सांगितलं, की मजा येत होती. तिला ते लगेच पटलं. तिलाही सोमवारी तसंच झालं होतं म्हणे, नऊशे पस्तीसवर तिनं स्वतःला कसंबसं थांबवलं होतं. दोघं हसलो. प्रतापनं मागे वळून बघितलं, आणि माझ्याकडे बघून त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, तोही हसायला लागला.

पंधरा दिवसांनी समितीचं पत्र आलं. पाठ मंजूर, उरलेले अकराही तुम्हीच करावेत. खाली तीन शेरे होते. एक, आवाज थोडा मोठा असावा. दोन, वाटसरूच्या पायात चपला असाव्यात. तीन, वडाची पाने पुरेशी आहेत. शाहीननं ते पत्र मला वाचून दाखवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. वाईट वाटलं का, असं तिला विचारायचं असावं. मी पत्र तिच्याकडून घेतलं आणि तिसरा शेरा पुन्हा एकदा वाचला. तेहतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कामावर लेखी अभिप्राय असा कुणी दिलाच नव्हता.

त्या सीड्या आता कुठल्याच मशीनवर चालत नाहीत. ते फ्लॅशच बंद झालं. शाहीन बंगळूरला असते, मोठी झाली आहे, ईदला फोन करते. पण तेव्हा आम्ही बारा पाठ पुरे केले, आणि दुसरा पाठ विहिरीचा होता. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, "सर, विहिरीच्या भिंतीला दगड किती असतील?"

"दिसतील तेवढेच," मी म्हणालो.

तिनं विश्वास ठेवला नाही, आणि ते बरोबरच होतं, कारण तोवर पाण्याखालचे सत्तर माझे काढून झाले होते.